पुरवठा साखळीची सायबर सुरक्षा : पुरवठादारांशी व्यवहार करताना या चुका टाळा

नव्या पुरवठादाराशी करार करताना खरेदी विभाग त्याची आर्थिक स्थिती, मालाचा दर्जा आणि वेळ पाळण्याची क्षमता बारकाईने तपासतो. सायबर सुरक्षेची पाळी आली की मात्र एक प्रश्नावली पाठवली जाते, सगळ्या रकान्यांत ‘होय’ लिहून ती परत येते आणि फाइलला लावली जाते. त्या पुरवठादाराला आपल्या संगणकांत जो प्रवेश मिळतो तो किती आहे, कशासाठी आहे आणि अजून लागतो का, हे त्यानंतर वर्षानुवर्षे कोणी विचारत नाही. पुरवठादारांच्या मार्गाने झालेले मोठे हल्ले पाहिले तर मूळ दोष बहुधा येथेच सापडतो. विश्वास एकदा टाकला जातो आणि पुन्हा कधी तपासला जात नाही. पुढे दिलेल्या बहुतेक चुका या दोषातूनच निघतात.

पुरवठादाराचे महत्त्व रकमेवरून ठरवणे

वर्षभरात कोणाला किती पैसे दिले यावरून पुरवठादारांची क्रमवारी लावण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि सुरक्षेची तपासणीही त्याच क्रमाने होते. हल्लेखोराला मात्र बिलाच्या रकमेशी देणेघेणे नसते. त्याला आत शिरण्याची वाट हवी असते. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांचे तपशील चोरीला गेले, ते शीतकरण आणि वातानुकूलनाची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराचे लॉगिन वापरून. त्या कंत्राटदाराला बिले आणि कामाची कागदपत्रे यांपुरताच प्रवेश लागत होता, परंतु त्या वाटेने शिरलेल्यांना दुकानातील पैसे घेणाऱ्या यंत्रांपर्यंत जाता आले.

धोक्याची दुसरी बाजू १ मार्च २०२२ रोजी जपानमध्ये दिसली. कोजिमा या सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीची संगणक यंत्रणा हल्ल्यामुळे बंद पडली आणि टोयोटाला देशातील १४ कारखान्यांतील २८ उत्पादन मार्गांचे काम एक दिवस थांबवावे लागले. टोयोटाच्या स्वतःच्या यंत्रणेत कोणी शिरले नव्हते. एका भागाचा ओघ आटताच बाकी सगळे जागच्या जागी राहिले.

म्हणून यादी करताना प्रत्येक पुरवठादाराविषयी दोन प्रश्न विचारावेत. हा उद्या बंद पडला तर आपले काम किती तासांत थांबेल? आणि याचे लॉगिन चोराच्या हाती लागले तर तो आपल्याकडे कुठपर्यंत पोहोचेल? या उत्तरांवरून लावलेल्या यादीत पगारपत्रक करणारी संस्था, यंत्रांची देखभाल करणारा कंत्राटदार, मालवाहतुकीचा एजंट किंवा छपाई यंत्रे दुरुस्त करणारा तंत्रज्ञ वर आला तर आश्चर्य वाटू नये.

दिलेला प्रवेश परत न घेणे

माझ्या मते ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे आणि तिची दुरुस्ती मात्र सर्वांत स्वस्त आहे. यंत्र बसवताना ‘सपोर्ट’ नावाचे एक खाते तयार होते, त्याचा पासवर्ड पुरवठादाराच्या सगळ्या तंत्रज्ञांना ठाऊक असतो, त्यातील काही जण नोकरी सोडून जातात, करार संपतो आणि खाते तसेच राहते. दुरून संगणक हाताळण्याचे सॉफ्टवेअर एका दुरुस्तीसाठी टाकले जाते आणि रात्रंदिवस चालू राहते. दोन सॉफ्टवेअरमध्ये माहितीची देवाणघेवाण व्हावी म्हणून दिलेल्या गुप्त किल्ल्या तर कोणाच्याच यादीत नसतात, कारण त्या वापरणारा माणूस नसतो.

हा गुंता सोडवायला महागडे साधन लागत नाही. गेल्या वर्षभरात ज्यांना पैसे दिले त्यांची यादी लेखा विभागाकडून घ्यावी, बाहेरच्या व्यक्तींच्या नावे असलेली सर्व खाती, व्हीपीएन (बाहेरून आपल्या नेटवर्कमध्ये येण्याच्या सुरक्षित) जोडण्या, दूरस्थ प्रवेशाची सॉफ्टवेअरे आणि अशा किल्ल्या यांची यादी संगणक विभागाकडून घ्यावी, आणि दोन्ही शेजारी ठेवून एकेक नाव जुळवावे. दुसऱ्या यादीत आहे पण पहिलीत नाही, असे प्रत्येक खाते त्याच दिवशी बंद करावे. खाते पुसून टाकू नये, म्हणजे त्याच्या जुन्या नोंदी तपासासाठी राहतात. जी खाती उरतील ती सामायिक न ठेवता माणसागणिक द्यावीत, त्यांना समाप्तीची तारीख घालावी आणि पासवर्डनंतर ओळख पटवण्याची दुसरी पायरी सक्तीची करावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील चेंज हेल्थकेअर या वैद्यकीय दाव्यांची प्रक्रिया करणाऱ्या कंपनीत हल्लेखोर शिरले, ते अशी दुसरी पायरी नसलेल्या दूरस्थ प्रवेशाच्या पोर्टलमधून. त्यानंतर देशभरातील औषध दुकाने आणि रुग्णालये यांची देणीघेणी अडकून पडली.

येथे एक आक्षेप हमखास येतो की प्रवेश बंद ठेवला तर मध्यरात्री यंत्र बिघडल्यावर दुरुस्तीला उशीर होईल. आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे, नाहीतर कर्मचारी स्वतःच आडवाट काढतात. कोणी फोन करायचा, आपल्याकडे कोणी उचलायचा, प्रवेश किती तासांसाठी उघडायचा आणि तो आपोआप कसा मिटेल, हे आधी ठरवून ठेवले तर दार उघडायला काही मिनिटे लागतात. शिवाय पुरवठादाराचा माणूस ज्या यंत्रासाठी आला आहे तेवढेच त्याला दिसावे, अशी नेटवर्कची विभागणी करणे आवश्यक आहे. टार्गेटच्या बाबतीत नेमकी ती तटबंदी कमी पडली.

ईमेलवरील विनंतीवरून बँक खाते बदलणे

‘आमचे बँक खाते बदलले आहे, पुढील रक्कम नव्या खात्यात पाठवावी’ असा ईमेल पुरवठादाराकडून येतो आणि बीजक खरे असल्याने रक्कम रवाना होते. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातील एका व्यक्तीने क्वांटा या तैवानी उत्पादकाच्याच नावाची कंपनी लाटव्हियात नोंदवून गूगल आणि फेसबुक यांच्याकडून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम वळती करून घेतली. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या कंपन्यांच्या लेखा विभागांना जे ओळखता आले नाही, ते आपल्या लिपिकाला नजरेने ओळखता येईल असे गृहीत धरणे त्याच्यावर अन्यायाचे आहे.

ईमेलचा पत्ता नीट पाहावा, हा सल्ला म्हणूनच अपुरा पडतो. अनेकदा पुरवठादाराची खरी मेलबॉक्सच हल्लेखोराच्या ताब्यात असते. तो आठवडाभर पत्रव्यवहार वाचतो आणि चालू संवादातच, नेहमीच्या भाषेत आणि नेहमीच्या स्वाक्षरीने, खात्याचा बदल घुसवतो. छोटी रक्कम पाठवून ‘मिळाली का?’ असे त्याच ईमेलवर विचारणे ही पडताळणी नव्हे, कारण ‘मिळाली’ असे उत्तर देणाराही तोच असतो. करारावर किंवा आपल्या जुन्या नोंदीत असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा, नव्या ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर कधीही करू नये, आणि बदलाला दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी लागेल अशी व्यवस्था ठेवावी. साहेबांनी घाई केली तरी हा नियम वाकवणाऱ्याला नव्हे, तर पाळणाऱ्याला पाठबळ मिळाले पाहिजे.

रक्कम गेलीच असेल तर पहिला फोन आपल्या बँकेला करावा आणि व्यवहार परत मागवण्याची व समोरचे खाते गोठवण्याची विनंती लेखी नोंदवावी. येथे प्रत्येक तास मोलाचा असतो. त्यानंतर पोलिसांकडे तक्रार द्यावी आणि पुरवठादाराला फोनवरून कळवावे. मूळ ईमेल पुसू नयेत. दोन्ही बाजूंच्या मेलबॉक्समधील स्वयंचलित नियम आवर्जून तपासावेत, कारण ठरावीक शब्द असलेले ईमेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा किंवा नजरेआड असलेल्या फोल्डरमध्ये टाकण्याचा नियम हल्लेखोर मागे ठेवून जातात, आणि पासवर्ड बदलल्यावरही तो चालूच राहतो.

अपडेटवर आंधळा विश्वास आणि त्याहून वाईट म्हणजे आंधळा अविश्वास

जून २०१७ मध्ये युक्रेनमधील एमईडॉक या लेखा सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम पसरला. २०२० मध्ये सोलरविंड्सच्या ओरायन या नेटवर्क देखरेखीच्या सॉफ्टवेअरचे दूषित अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचले आणि त्यावर कंपनीची अस्सल डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे ते कंपनीकडूनच आल्याची खूण, होती. हे वाचून काही व्यवस्थापक अपडेट थांबवण्याचा निष्कर्ष काढतात. तो घातक आहे, कारण डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या अनेक सॉफ्टवेअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या घटकात उघड झालेल्या दोषासारख्या दोषांवर अपडेटखेरीज टिकाऊ उपाय नसतो आणि दोष जाहीर होताच हल्लेखोर काही तासांत त्याचा शोध घेऊ लागतात.

मधला मार्ग असा आहे. अपडेट आधी मोजक्या संगणकांवर टाकावे आणि काही दिवस पाहून मग सर्वत्र न्यावे; दोषाचा वापर प्रत्यक्ष हल्ल्यांत सुरू झाला असेल तर ही प्रतीक्षा काही तासांवर आणावी. दुसरे, ज्या सर्व्हरला बाहेरच्या जगाशी बोलण्याचे कारण नाही त्याला बोलू देऊ नये. सोलरविंड्सच्या प्रकरणात शिरलेला घातक भाग बाहेरच्या पत्त्यावरून पुढील आदेश घेत असे, आणि ज्यांच्या सर्व्हरला बाहेर जाण्याची मुभाच नव्हती तेथे तो आदेशाविना पडून राहिला. तिसरे, सॉफ्टवेअर विकत घेताना त्यात वापरलेल्या सर्व घटकांची सूची मागावी. लॉगफोरजेच्या वेळी असंख्य संस्थांचा वेळ दुरुस्तीपेक्षा तो घटक आपल्याकडे कुठे आहे हे शोधण्यातच गेला.

सूची असली तरी सगळे पकडले जाईल असे नाही, हेही मान्य केले पाहिजे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पेरलेले चोरदार, म्हणजे गुपचूप आत शिरण्याची वाट, आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, ते लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून. आपल्या कर्मचाऱ्याने ‘हे आज मंद वाटते’ असे सांगितले तर ते ऐकून घेणारा माणूस संस्थेत असला पाहिजे.

पुरवठादाराच्या पुरवठादाराचा विसर

जुलै २०२१ मध्ये स्वीडनमधील कूप या किराणा साखळीला सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरील यंत्रे चालेनात. हल्ला झाला होता कासेया या अमेरिकी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर, आणि ते वापरत होता कूपचा यंत्रे सांभाळणारा पुरवठादार. करारात निदान एवढे असावे की काम पुढे कोणाकडे सोपवले आहे ते कळवले जाईल आणि सुरक्षेच्या त्याच अटी त्यालाही लागू राहतील.

सुरू असलेल्या यंत्रणेलाच बॅकअप समजणे

नॉटपेट्याच्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले आणि तिचे नुकसान सुमारे ३० कोटी डॉलरपर्यंत गेले. कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे तिचे मुख्य सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते, त्यामुळे एकाबरोबर सगळे पुसले गेले. घानातील कार्यालयाचा सर्व्हर वीज गेल्यामुळे त्या वेळी बंद होता, म्हणून एक प्रत वाचली. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे तोडलेली असावी, तिच्यात लॉगिनची यंत्रणाही असावी आणि ती वर्षातून एकदा तरी खरोखर परत उभी करून पाहावी.

पुरवठादारावर हल्ला झाल्याचे कळल्यावर होणाऱ्या चुका

लेखी खुलासा येईपर्यंत थांबणे ही पहिली चूक. बातमी कच्ची असली तरी जोडणी लगेच तोडावी, सामायिक फोल्डर बंद करावेत, त्या पुरवठादाराला दिलेले पासवर्ड आणि किल्ल्या बदलाव्यात आणि त्याच्याकडून येणाऱ्या देयकांच्या सूचना रोखून धराव्यात. जोडणी पुन्हा उघडता येते. पसरलेला हल्ला मागे घेता येत नाही. नोंदींच्या फाइली अनेक यंत्रणांत ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात, म्हणून त्या लगेच वेगळ्या जपून ठेवाव्यात आणि शोध घोषणेच्या तारखेपासून नव्हे, तर कित्येक महिने मागून सुरू करावा.

दुसरी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी वकिली नोटीस पाठवणे. दंडाच्या भीतीने पुरवठादार बोलेनासा होतो, आणि त्या घडीला आपल्याला पैशांपेक्षा त्याच्याकडची माहिती हवी असते. कळवण्याची मुदत आधीच करारात असावी; युरोपीय संघाच्या सायबर सुरक्षेविषयीच्या एनआयएस-२ निर्देशाने गंभीर घटनेची प्राथमिक सूचना २४ तासांत आणि पुढील माहिती ७२ तासांत शासकीय यंत्रणेला देणे बंधनकारक केले आहे, त्यावरून अशी मुदत व्यवहार्य असल्याचे दिसते. लहान पुरवठादाराला हे जमत नसेल तर त्याला शंभर प्रश्नांची आणखी एक प्रश्नावली पाठवण्यापेक्षा आपल्या तज्ज्ञाचा एक दिवस त्याला द्यावा.

‘आता सर्व सुरळीत आहे’ एवढ्या ईमेलवर जोडणी पूर्ववत करणे ही तिसरी चूक. हल्लेखोर कोणत्या वाटेने शिरला, ती वाट कशी बंद केली, कोणते संगणक नव्याने उभारले, सर्व पासवर्ड बदलले का आणि ही तपासणी बाहेरच्या कोणाकडून करून घेतली का, याची उत्तरे मिळाल्यावर आधी एकच मर्यादित जोडणी उघडावी आणि तिच्यावर काही आठवडे बारीक लक्ष ठेवावे. तोवर काम चालावे म्हणून मागणी नोंदवण्याची हाताने करायची पद्धत, पर्यायी पुरवठादारांची नावे आणि सर्व संबंधितांचे दूरध्वनी क्रमांक कागदावर छापून ठेवावेत, कारण ज्या दिवशी त्यांची गरज पडेल त्या दिवशी आपले संगणकही बंद असू शकतात.