पाणंद रस्त्याची माती जागेवरच पक्की करताय? या चुका टाळा

द्राक्षं उतरली, खरड छाटणी आटोपली की निफाड-दिंडोरीकडे पाणंद रस्त्यांची डागडुजी सुरू होते. मृगाच्या आत उरकायचं म्हणून मुरमाच्या ट्रॉल्या ओतायच्या, वरून ट्रॅक्टर फिरवायचा. श्रावणात चाकोऱ्या पुन्हा तेवढ्याच खोल. मुरूम जातो कुठे? खाली. काळी माती पाणी पिऊन फुगते, मऊ पडते आणि चाकाच्या दाबाने मुरूम तिच्यात रुततो. त्यासाठी दरवर्षी टेकड्या पोखरण्यापेक्षा रस्त्यावरचीच माती चुना मिसळून पक्की करावी. काम टिकतं, पण पुढच्या गोष्टी सांभाळल्या तरच.

पहिली चूक, थेट सिमेंट टाकणं. चिकण मातीत सिमेंट नीट मिसळतच नाही, ढेकळांना वरून फक्त लेप बसतो. ओल्या मातीची शेवई वळून बघा. काडीइतकी बारीक होऊनही तुटत नसेल तर चुनाच हवा. इगतपुरी-त्र्यंबककडच्या मुरमाड, भुरभुरीत मातीला मात्र सिमेंट चालतं. तिथे मिसळल्यावर दोन तासांत दाबून मोकळं व्हायचं.

“आमच्या रानात मुळातच चुनखडी आहे, वेगळा चुना कशाला?” हे हमखास ऐकू येतं. चुनखडी मातीशी काहीच करत नाही, तिथे भाजून केलेला चुनाच लागतो. आणि तोही उघड्यावर पडून राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून परत चुनखडीच होतो. म्हणून गोण्या ताज्या, बंद आणि कोरड्या हव्यात. कळीचा चुना पाणी लागताच उकळतो, डोळे-हात भाजतात. त्यापेक्षा विरवलेली पूड घ्या, तीही गॉगल, हातमोजे आणि मास्क लावूनच पसरा.

प्रमाण अंदाजाने नको. साधारण कोरड्या मातीच्या वजनाच्या 3 ते 6 टक्के चुना लागतो. 15 सेंटीमीटर थराला 4 टक्के धरले तर चौरस मीटरला सुमारे 9 किलो, म्हणजे 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद रस्त्याला पावणेतीन टनांच्या आसपास. नेमका आकडा माती तपासूनच ठरवावा.

सगळ्यात जास्त कामं फसतात ती मिसळण्यात. रोटाव्हेटरचा एक फेरा मारून लगेच रोलर आणला, तर पहिल्याच पावसात रस्ता जागोजागी मऊ पडतो. तिथलं ढेकूळ फोडून पाहा: बाहेरून पांढरं, आत काळंकुळकुळीत. एकदा मिसळून, ओलावून, हलकं दाबून एक दिवस तसंच ठेवा. चुना लागला की चिकण माती भुसभुशीत होते, दुसऱ्या दिवशीचा फेरा मग खोलवर आणि सारखा बसतो. ढेकळं बोराएवढी झाली की पुरे. ओल वाफशासारखी हवी: मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटाने दाबताच दोन तुकडे व्हावेत, हाताला चिखल लागू नये. फार कोरडी माती दबत नाही आणि ओली रोलरखाली लाटेसारखी हलते. तशी हलली तर वाळू द्या, त्यावर मुरूम टाकून झाकू नका.

उतार विसरलात तर सगळं वाया. 3 मीटर रस्त्याचा मध्य कडांपेक्षा 6 सेंटीमीटर उंच ठेवा. दोन्ही बाजूंना चर हवेत आणि बागेचं पाणी रस्ता ओलांडतं तिथे पाइप टाकायलाच हवा. बांधावरून शेजाऱ्याशी बोलणं अवघड असतं, तरी चराची जागा कामाआधीच ठरवून घ्या.

दाबल्यावर निदान सात दिवस रस्ता ओलसर ठेवायचा. एप्रिलच्या उन्हात टँकर सकाळ-संध्याकाळ लागतो. तोवर कांद्याची ट्रॉली अजिबात नको. थंडीत हे काम काढू नका: पारा 10 अंशांखाली गेला की चुन्याची क्रिया मंदावते आणि निफाडची थंडी तर ठाऊकच आहे. शेवटी वर मुरमाचा पातळ थर द्या, नाहीतर चाकांनी पृष्ठभाग झिजतो आणि धूळ थेट घडांवर बसते.

पुढे कुठे खड्डा पडलाच तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. मग कडा सरळ कापून, तीच माती चुन्यासह मिसळून पुन्हा दाबा.