टीबीचं औषध चालू आहे पण फरकच नाही? हिस्टोप्लाझ्मोसिसच्या तपासणीत या चुका टाळा

आमचे मामा सावद्याचे, केळीच्या ट्रकवर 15-16 वर्षं ड्रायव्हर, कानपूर-पाटण्याच्या फेऱ्या नेहमीच्या. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळचा बारीक ताप सुरू झाला, भूक गेली, 4 महिन्यांत 14 किलो वजन उतरलं, आणि एवढा धडधाकट माणूस खाटेवर बसून म्हणायचा, "मना आंगमा जीवच नही ऱ्हायना." एक्सरेत डाग दिसले, थुंकीत काही निघालं नाही, तरी टीबीचं औषध सुरू झालं. 5 महिने औषध खाल्लं आणि तब्येत खालीच चालली. शेवटी निघालं काय तर हिस्टोप्लाझ्मोसिस, म्हणजे श्वासातून आत जाऊन अंगभर पसरणारी बुरशी. त्या वर्षात आमच्याकडून ज्या चुका झाल्या त्या तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी थोडं या बुरशीबद्दल. वटवाघळांची आणि पक्ष्यांची विष्ठा मिसळलेल्या मातीत ती वाढते, धूळ उडाली की तिचे बारीक कण छातीत जातात, आणि अंगाच्या 37 डिग्रीला ती रूप बदलून यीस्टसारखी होते. आपल्या देशात ती जास्त करून गंगेच्या पट्ट्यात सापडते, बंगाल-बिहार-युपीकडे, पण महाराष्ट्रातही पेशंट सापडलेत. बहुतेकांना ती होऊन जाते ते कळतसुद्धा नाही. एचआयव्ही, शुगर, स्टिरॉइड किंवा किडनी बदललेली असेल तर ती पसरायचा धोका जास्त, तरी आपल्याकडे यातलं काहीही नसलेल्या माणसांतही ती पसरलेली दिसते. मामांना यातलं काहीच नव्हतं.

आता चुका. आपल्याकडे टीबी एवढा आहे की डॉक्टर आधी टीबीच धरणार आणि ते बरोबरच आहे, आमचं चुकलं ते पुढं, की दोन महिने औषध होऊनही ताप-वजन जागेवरच असताना आम्ही कधी विचारलंच नाही की टीबीचा जंतू नक्की कुठल्या तपासणीत सापडला, सीबीनॅट, म्हणजे थुंकीत टीबीचा जंतू शोधायची मशीनवरची तपासणी, झाली का, तिचा रिपोर्ट काय. शांतपणे विचारायचं, भांडायचं नाही. आणि एक हात जोडून सांगतो, मनानं टीबीचं औषध बंद करू नका, दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात. दुसरं म्हणजे हिस्टोप्लाझ्मोसिस माणसाकडून माणसाला लागत नाही, आणि आमच्या मामीने 5 महिने मामांचं ताट-तांब्या वेगळा ठेवला, नातवाला जवळ जाऊ दिलं नाही, ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

तोंडातल्या जखमेकडे पण दुर्लक्ष झालं. जिभेच्या कडेला छाला होता, सगळे म्हणाले तंबाखूचा आहे. या आजारात तोंडात न भरणाऱ्या जखमा होतात, लिव्हर-प्लीहा वाढतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, आणि किडनीच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी दोन्ही बाजूंनी सुजतात. त्या निकामी झाल्या की बीपी उतरतं, चक्कर येते, सोडियम कमी होतं, कातडी काळवंडते. मामा काळे पडले तर आम्ही म्हणायचो उन्हाचा माणूस आहे, एप्रिलमधलं आपल्याकडचं ऊन म्हणजे काय सांगायचं!

सगळ्यात मोठी चूक मात्र तुकड्याच्या तपासणीतली, म्हणजे बायोप्सीची. पहिल्यांदा काढलेला तुकडा आख्खा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या औषधी पाण्यात टाकला गेला. फॉर्मालिनमध्ये बुरशी मरते, मग कल्चर, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघणं, होतच नाही. म्हणून तुकडा काढायच्या आधीच विचारा की थोडा भाग सलाईनमध्ये कल्चरसाठी पाठवणार का. रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींची गाठ, आला की लोक टीबी समजून मोकळे होतात, पण ग्रॅन्युलोमा या बुरशीतही असतो. पीएएस आणि सिल्व्हर स्टेन, म्हणजे बुरशी उठून दिसावी म्हणून तुकड्याला द्यायचे खास रंग, केले तर ती 2 ते 4 मायक्रॉनची बारीक यीस्ट दिसते, साध्या रंगात ती काळा आजार (कालाआजार) नावाच्या रोगाच्या परजीवीसारखी दिसते. सॅम्युअल डार्लिंगने 1905 मध्ये पनामात हा आजार पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यालाही तो परजीवीच वाटला होता, त्यामुळे लॅबवाल्याला "बुरशी बघा" असं चिठ्ठीवर लिहून गेलं पाहिजे. आमचा जुना ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तोच तुकडा, हॉस्पिटलमधून मागून घेतला, दुसरीकडे स्टेन केला आणि त्याच तुकड्यात बुरशी दिसली. कल्चरला 4 ते 6 आठवडे लागू शकतात, तेव्हा आठ दिवसांत निगेटिव्ह म्हणून फाईल बंद करू नका.

डॉक्टरला सगळं सांगा, कुठं फिरलात, कुठं झोपलात, वटवाघळांचा पडका वाडा साफ केला का, कोंबडीखत उपसलं का. मामा पाटण्याकडे एका जुन्या गोदामात मुक्काम करायचे, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

औषधात आधी ॲम्फोटेरिसिनची इंजेक्शनं, मग इट्राकोनाझोल निदान वर्षभर. ही गोळी गजकर्णालाही देतात म्हणून घरातले म्हणाले महिनाभर पुरे, तसं अजिबात करू नका. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली तर ती नीट लागू पडत नाही, आणि टीबीतलं रिफाम्पिसिन चालू असेल तर रक्तात इट्राकोनाझोल जवळजवळ उरतच नाही, म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही चिठ्ठ्या दाखवा.

आणि ॲड्रिनल निकामी झाली असेल तर हायड्रोकॉर्टिसोन "स्टिरॉइड वाईट असतं" म्हणून बंद करू नका, ते शरीरात बनायचं थांबलेलं असतं तेच बाहेरून देतात. ताप-उलटी झाली तर डोस वाढवावा लागतो. मामांचं इट्राकोनाझोल संपलं, हायड्रोकॉर्टिसोनची गोळी चालूच आहे, आणि तापात किती घ्यायची ते मामीने कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलंय.