मांडीचं हाड कॉम्प्युटरवर घडवताना

भार पडेल तिथे हाड दाट होतं, नसेल तिथे विरळ. हेच कॉम्प्युटरवर करून बघायचं, तर आधी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा साधा टूडी मेश, म्हणजे छोट्या तुकड्यांची जाळी, घ्या. थ्रीडीच्या नादाला लगेच लागू नका. सगळीकडे सारखी घनता द्या, ०.८ ग्रॅम प्रति घन सेंमी. कडकपणा घनतेच्या घनाच्या प्रमाणात धरा. खुब्यावरच्या भारासोबत स्नायूंची ओढही लावा, नाहीतर हाड भलतीकडेच जाड होतं. मग दर फेरीला, ग्रॅममागे साठलेली विकृती-ऊर्जा (भाराने आकार बदलल्यामुळे हाडात साठणारी ऊर्जा) ठरवलेल्या पातळीहून जास्त तिथे घनता वाढवा, कमी तिथे घटवा. घनतेची कमाल मर्यादा १.७४.

माझ्या स्क्रीनवर पहिल्यांदा चक्क दाट-विरळ चौकटींचा बुद्धिबळाचा पट उमटला! दोन दिवस भारच तपासत बसलो. घोळ होता घनता एलिमेंटगणिक, म्हणजे जाळीच्या एकेका तुकड्यागणिक, बदलण्यात. ती नोडवर, म्हणजे तुकड्यांच्या कोपऱ्यांवर, मोजायला लागलो, तेव्हा कुठे जर्मन शल्यविशारद वोल्फच्या हाडांवरच्या १८९२ च्या ग्रंथातल्यासारख्या हाडाच्या आतल्या कमानी दिसल्या.