अर्ज दिल्लीला की मुंबईला? सातवी अनुसूची अशी वाचा

शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावातली माणसं अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. पेन उचलण्याआधी मी विचारते, हा विषय केंद्राचा की राज्याचा? उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत असतं. ते शोधायला वकील लागत नाही, मराठी प्रत पुरते.

अनुच्छेद २४६ प्रमाणे या अनुसूचीत विषयांच्या तीन याद्या आहेत. यादीतल्या प्रत्येक क्रमांकाच्या विषयाला नोंद म्हणतात. संघसूचीत संरक्षण, रेल्वे, टपाल, चलन. राज्यसूचीत पोलीस, शेती, सार्वजनिक आरोग्य, ग्रामपंचायती. समवर्ती सूचीत दोघांचे विषय, म्हणजे विवाह, वनं, शिक्षण. तिन्हीत न सापडणारा विषय अनुच्छेद २४८ प्रमाणे संसदेकडे जातो.

नोंद मात्र शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची. रस्ते राज्यसूचीत १३ व्या नोंदीत आहेत, पण राष्ट्रीय महामार्ग संघसूचीच्या २३ व्या नोंदीत. आमच्या फाट्यावरच्या मोरीसाठी लोकांनी दोन वर्षं एका कार्यालयात अर्ज दिले आणि तिथे कुणी सांगितलंही नाही की हा रस्ता आमचा नव्हे. शेवटी मी किलोमीटरचा दगड पाहिला, त्याचं डोकं पिवळं होतं, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. हिरवं असतं तर राज्य महामार्ग. पाण्याचंही तसंच आहे. ते राज्याचं खरं, पण आंतरराज्य नद्यांबाबतच्या संघसूचीतल्या ५६ व्या नोंदीच्या अधीन. आणि कृष्णेच्या वाटपासारखा राज्याराज्यांतला तंटा अनुच्छेद २६२ खालच्या संसदेच्या कायद्याप्रमाणे लवादापुढे जातो.

समवर्ती सूचीत लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तिथे मी बैलगाडी शर्यतीचा दाखला देते, तो आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणारा १९६० चा कायदा संसदेचा. त्याच्याच आधारे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. विषय समवर्ती असल्याने २०१७ मध्ये आपल्या विधिमंडळाने महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली. पण राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याला छेद देत असेल तर केंद्राचाच टिकतो. यातून वाट काढायची तर अनुच्छेद २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. ती मिळाली आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. तरीही संसदेने उद्या वेगळा कायदा केला तर तो वरचढ होऊ शकतो, हेही मी सांगून ठेवते.

यानंतर अंमल कुणाचा ते बघायचं. समवर्ती विषयात कायदा दिल्लीचा असला तरी राबवणारा अधिकारी बहुतेक वेळा राज्याचाच असतो. शिक्षण आधी राज्यसूचीत होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती झालं. ते राज्याकडेच राहायला हवं होतं, असं मला वर्गात उभं राहून गेलेल्या इतक्या वर्षांनंतरही ठामपणे वाटतं. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक कमी असतील तर आजही अर्ज राज्याच्याच शिक्षण खात्याकडे द्या, दिल्लीला नको.

अर्जात 'विषय' या ओळीखाली सूचीचं नाव आणि नोंद क्रमांक लिहा. 'हे आमच्याकडे येत नाही' असं उत्तर आलं, तर ते लेखी मागा आणि पुढच्या अर्जाला जोडा.