सोशल सायकॉलॉजी शिकवताय? नेटवरचं साहित्य आपल्या वर्गात असं आणा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जे कोण सायकॉलॉजी शिकवतात त्यांना माहिती आहे, वर्गात काही पोरं मराठी, काही कन्नड आणि पुस्तक इंग्रजी. नेटवर फुकट साहित्य रग्गड आहे, पण ते तसंच प्रोजेक्टरवर लावलं की पोरं नुसती उतरवून घेतात. मी कसं करते ते सांगते.

आधी डाउनलोड. ओपनस्टॅक्सचं सायकॉलॉजीचं पुस्तक फुकट मिळतंय, त्यातला 12वा धडा आपला, सोशल सायकॉलॉजीचा. नोबा प्रोजेक्टवर एकेक विषयाची सुटी प्रकरणं आहेत, इग्नूच्या ई-ज्ञानकोशवर नोट्स आहेत. सगळं पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घ्या, ऐन तासाला रेंजवर भरवसा ठेवू नका.

मग एकच कल्पना निवडा आणि तिचा शब्द दोन्ही भाषांत शोधा. प्रेज्युडिस म्हटलं की वर्ग गप्प, पण मराठीत पूर्वग्रह आणि कन्नडमध्ये पूर्वाग्रह, फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं की दोन्हीकडची पोरं मान हलवतात.

आता मुख्य काम, व्हिडिओच्या आधी प्रयोग करून घ्या. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाचा 1951 चा रेषांचा प्रयोग घ्या, चारचौघं चुकीचं बोलले की माणूस आपलं उत्तर बदलतो का ते बघणारा. फळ्यावर एक रेषा आणि बाजूला तीन, त्यातली कुठली सारखी ते विचारायचं, पाच जणांना आधीच चुकीचं उत्तर द्यायला सांगून ठेवायचं आणि सहाव्याला काही माहिती नसतंय. अॅशकडं साधारण 75% लोक एकदा तरी चुकीच्या उत्तराला हो म्हणाले होते. पण तास संपायच्या आत त्या सहाव्याला खरं काय ते सगळ्यांसमोर सांगा आणि त्याचं काही चुकलं नाही हेही सांगा, हे विसरलात तर पोरगं मनाला लावून घेतंय.

अफवांवर बोलायचं असेल तर भारतीय मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांचा अभ्यास काढाच. 1934 च्या बिहार भूकंपानंतर जिथं धक्का बसला पण फारसं नुकसान झालं नाही तिथंच आणखी भयंकर काहीतरी होणार अशा अफवा उठल्या, म्हणजे आधीच वाटणाऱ्या भीतीला लोकांनी कारण शोधलं. यातूनच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरला 1957 च्या कॉग्निटिव्ह डिसोनन्सच्या सिद्धांताची वाट सापडली, मनातल्या दोन गोष्टी जुळत नसल्या की माणूस त्या कशा तरी जुळवून घेतो असं तो सांगतो. आपल्या मातीतला हा अभ्यास किती वर्गांत सांगितला जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतंय. सांगून झालं की विचारा, 2019 च्या पुरात तुमच्या व्हॉट्सअॅपवर काय काय आलं होतं, कुणी पुढं पाठवलं आणि का. मग तास तुमच्या हातात राहत नाही, पोरंच बोलतात.

प्रोजेक्ट इम्प्लिसिट ही नकळत असलेले पूर्वग्रह तपासणाऱ्या टेस्टची साइट, तिच्यावर भारतासाठी वेगळं पान आहे, टेस्ट घरी करू द्या पण स्कोअर कुणाला विचारू नका, एका टेस्टवरून माणूस ठरत नाही. स्टॅनफर्डच्या 1971 च्या तुरुंग प्रयोगाची (पोरांनाच पहारेकरी आणि कैदी केलं होतं) साइट दाखवाल तर त्यावरची टीका आणि बीबीसीचा प्रिझन स्टडी, म्हणजे नंतर झालेला तसाच प्रयोग, पण दाखवा, एकटी साइट दाखवणं मला पटत नाही.

शेवटची पाच मिनिटं चिठ्ठीला. आज शिकलो ते आपल्या गल्लीत, गणपती मंडळात, बसस्टँडवर कुठं बघितलं ते एका ओळीत, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत, नाव न घालता. या चिठ्ठ्या टाकू नका, पुढच्या वर्षीची उदाहरणं त्यातूनच निघतात.