गोळीची रिअ‍ॅक्शन कळवायची तर बॅच नंबर जपा

औषधानं अंगावर पुरळ उठतं, पण तक्रार करताना औषधाचं नावच सांगता येत नाही. कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो वा राजारामपुरीतला खासगी दवाखाना, एवढं करा:

१. स्ट्रिप फेकू नका. कापून दिलेल्या तुकड्यावर बॅच नंबर बहुधा नसतो, म्हणून मेडिकलमधून बिल घ्याच. त्यावर तो छापलेला असतो.
२. गोळी कधी घेतली, त्रास कधी सुरू झाला, सोबत कोणती औषधं चालू होती (काढा, चूर्णसुद्धा) ते लिहा. पुरळाचा फोटो काढा.
३. डॉक्टरांना दाखवा आणि औषधांच्या रिअ‍ॅक्शन नोंदवून घेणाऱ्या १८००-१८०-३०२४ या मोफत सरकारी क्रमांकावर कामाच्या दिवशी कळवा. रुग्ण स्वतः कळवू शकतो.

बीपी, साखर, फिट्सची गोळी परस्पर बंद करू नका. तोंड सुजलं, धाप लागली तर आधी १०८.