अमेरिकेतून आणलेला टर्नटेबल 50 हर्ट्झवर बरोबर फिरवण्यासाठी

अमेरिकेतून आणलेला बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून सुरू केला की फिरतो, पण रेंगाळत. ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे 120 करतो, फ्रिक्वेन्सी तशीच राहते. सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या आवर्तनांच्या तालावर फिरणारी मोटर, हिचा वेग मात्र फ्रिक्वेन्सीवरच ठरतो. 60 ऐवजी 50 हर्ट्झ मिळाले की 33⅓ आरपीएमचे (मिनिटाला फेऱ्या) 27.8 होतात आणि काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा आवाज पांढरी चारच्याही किंचित खाली उतरतो. ट्रान्सफॉर्मर कितीही महागाचा घेतला तरी हे सुटत नाही. बदलायची असते ती पुली, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचं बेल्ट फिरवणारं छोटं चाक.

आधी मोटर कोणती आहे ते बघा. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर वेगाचा मेन्सशी (घरच्या वीजपुरवठ्याशी) संबंध नाही, फक्त व्होल्टेज सांभाळा. ॲडॉप्टरवर आउटपुट ‘एसी’ लिहिलं असेल तर बहुधा हाच प्रश्न आहे. लेंको एल 75 या टर्नटेबलमध्ये बेल्टऐवजी असलेलं आयडलर (मोटरचं फिरणं प्लॅटरला देणारं) चाक निमुळत्या शाफ्टवर सरकतं, त्यामुळे तिथे वेगाच्या दांडीचा अडसर सरकवून काम होतं, पुली लागत नाही.

मोटर 24 पोलची (चुंबकीय ध्रुवांची) असेल तर 60 हर्ट्झवर 300 आणि 50 हर्ट्झवर 250 आरपीएमने फिरते. 16 पोलची असेल तर 450 आणि 375. म्हणजे पुली 1.2 पट मोठी हवी, पण हा गुणाकार थेट पुलीच्या व्यासाला लावू नका. बेल्टचा ताण त्याच्या जाडीच्या मध्यातून जातो, म्हणून खरा व्यास धरायचा तो पुलीचा व्यास अधिक बेल्टची जाडी. सब-प्लॅटरलाही, म्हणजे प्लॅटरखालच्या ज्या चकतीवर बेल्ट बसतो तिलाही, तेच लागू.

उदाहरण घेऊ. सब-प्लॅटर 150 मिमी, बेल्ट 0.6 मिमी जाड, मोटर 250 आरपीएम. 250 ला 33⅓ ने भागलं की 7.5. मग 150.6 ÷ 7.5 = 20.08, त्यातून 0.6 वजा केल्यावर पुली 19.48 मिमी. 45 आरपीएमच्या पायरीसाठी 20.08 × 1.35 = 27.11, म्हणजे 26.51 मिमी. 33⅓ च्या मापात 0.01 मिमीची चूक म्हणजे वेगात 0.05 टक्के फरक. म्हणून सब-प्लॅटर तीन ठिकाणी मोजा, आणि बेल्ट नवाच घ्या. जुना, ताणलेला बेल्ट मोजून केलेली पुली बेल्ट बदलला की चुकीची ठरते.

लेथवाल्याकडे जाताना हातात नुसता आकडा नको, कागदावर ड्रॉइंग हवं. भोसरी, शिरोली अशा औद्योगिक भागांत छोटं काम घेणारे टर्नर मिळतात. माल पितळ किंवा ॲल्युमिनियम. शाफ्ट मायक्रोमीटरने मोजा. तो 4 मिमीचा असेल तर बोअर (पुलीचं मधलं भोक) रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्याराने, 4.00 ते 4.01 मध्ये बसवायला सांगा, नुसत्या ड्रिलचं भोक चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोअर आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये काढायचा, मधे जॉब चकमधून सोडायचा नाही. सोडला तर दोन्हींचं केंद्र जुळत नाही. 20 मिमीच्या पुलीचं केंद्र 0.01 मिमीने सरकलं तरी वेग दर फेरीला 0.1 टक्का वरखाली होतो. 250 आरपीएमला ही थरथर सेकंदाला चार वेळा येते, आणि सरोदच्या लांब मींडेत किंवा पियानोच्या सुरात ती लगेच कळते. सरासरी वेग अगदी बरोबर असूनही आवाज डळमळीत वाटतो तो यामुळेच.

पुली शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रूही इथेच घात करतो. भोक सैल असेल तर एकच स्क्रू आवळताना पुली एका बाजूला ढकलली जाते. बोअर नेमका ठेवा, 120 अंशांवर दोन एम 3 स्क्रू घ्या आणि आळीपाळीने थोडे थोडे आवळा. मग डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं मापक) पुलीला लावून हाताने फिरवा. एकूण हालचाल 0.02 मिमीच्या आत हवी.

बेल्ट बसतो ती जागा सपाट ठेवू नका, मध्यभागी 0.1 ते 0.2 मिमी फुगवटा द्या. बेल्ट उंच भागाकडेच ओढला जातो आणि तिथे टिकतो. वर काढलेलं माप फुगवट्याच्या माथ्याचं असतं. पहिली पुली 0.05 मिमी मोठी करून घ्या: मोठी कमी करता येते, लहान वाढवता येत नाही. या उदाहरणात जुनी पुली साधारण 16.1 मिमी होती, त्यामुळे बेल्टला सुमारे 5 मिमी जास्त अंतर लागेल. बेल्ट फार ताठ झाला तर मोटरच्या बुशवर आडवा भार येतो, मग थोडा लांब बेल्ट घ्यावा.

व्होल्टेजचं विसरू नका. 60 हर्ट्झची मोटर 50 हर्ट्झवर 120 व्होल्टने चालवली की लोखंड जास्त चुंबकित होतं, मोटर तापते आणि गुणगुणते. 120 × 50 ÷ 60 म्हणजे 100 व्होल्ट पुरेसे. ट्रान्सफॉर्मर आयसोलेशनचा घ्या; स्वस्त स्टेप-डाउन बहुतेक ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, त्यांत मेन्सपासून विलगता नसते. मोटरच्या दुसऱ्या वाइंडिंगला जोडलेला फेज कपॅसिटर जुना असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, एसी रेटिंगचा फिल्म कपॅसिटर टाका. प्लग काढून कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज केल्याशिवाय तारांना हात लावू नका.

तपासणी 15 मिनिटं फिरवून, सुई रेकॉर्डवर ठेवून करा. वेग तपासायला प्लॅटरवर ठेवायच्या रेघांच्या चकतीवर, म्हणजे स्ट्रोब डिस्कवर, अमेरिकेत 216 रेघा असतात; वेग बरोबर असेल तर दिव्याखाली त्या स्थिर दिसतात, आपल्याला 180 ची हवी. उजेडाला मेन्सवरचा निऑन दिवा लागतो, कारण बऱ्याच एलईडी दिव्यांत पुरेशी लुकलुक नसते. दहा सेकंदांत एक रेघ सरकली तर फरक 0.1 टक्का. फिरण्याच्या दिशेने सरकली तर वेग जास्त, मग पुली लेथवरच बारीक एमरी पेपरने उतरवा. निऑनही मेन्सवरच चालतो, त्यामुळे ग्रिडमधली चढउतार यात दिसत नाही. 49.9 हर्ट्झ असताना वेग 0.2 टक्के कमी असतो, तो 3150 हर्ट्झचा सूर असलेल्या टेस्ट रेकॉर्डवर मोजला तरच कळतो.

तेवढाही फरक नको असेल, किंवा मूळ पुली ठेवायची असेल, तर दोन फेजचा साइन जनरेटर बांधावा: 90 अंश अंतराच्या दोन लहरी, दोन 20 वॉटचे ॲम्प्लिफायर आणि व्होल्टेज वाढवायला उलटे जोडलेले दोन ट्रान्सफॉर्मर. कपॅसिटर काढून प्रत्येक वाइंडिंगला एक लहर द्यायची, 33⅓ साठी 60 आणि 45 साठी 81 हर्ट्झ. फेजचा कोन थोडा मागेपुढे करत मोटरवर बोट ठेवा आणि कंप सर्वात कमी जाणवेल तिथे थांबा. चौकोनी लहर देणारा स्वस्त इन्व्हर्टर इथे वापरू नका, मोटर घुरघुरते आणि ती घुरघुर सुईपर्यंत पोचते.